वासरांच्या ओढ्याकाठी तीन मैल

बाबांना "सोपा आहे" असं सांगितलं, तिथेच माझं चुकलं.

"सोपा म्हणजे किती सोपा?" त्यांनी नाशिकहून फोनवर विचारलं होतं. "पांडवलेण्यांइतका?"

"त्याहून सोपा. पायऱ्या नाहीत, चढ नावाला. ओढ्याच्या काठाकाठाने सपाट वाट. जाऊन-येऊन सहा मैल."

"म्हणजे दहा किलोमीटर," असं म्हणून ते माळ्यावरून ट्रेकिंगचे बूट काढायला उठले. ते बूट त्यांनी जपून ठेवलेत हे मला माहीत होतं. किती वर्षं जपून ठेवलेत, हे विचारायला हवं होतं.

आई-बाबा दोन महिने आमच्याकडे सॉल्ट लेक सिटीला होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निखिलने शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही चौघं तीन दिवसांसाठी दक्षिण युटाकडे निघालो. मुख्य बेत होता लोअर काफ क्रीक फॉल्सचा. काफ क्रीक म्हणजे वासरांचा ओढा. १२६ फूट उंचीचा धबधबा, दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे, मधून ओढा. बाकी ब्राइस आणि कॅपिटल रीफ ही दोन राष्ट्रीय उद्यानं वाटेतच पडतात, म्हणून.

शुक्रवार : सॉल्ट लेक – ब्राइस – एस्कलांटे

साडेसहाला निघालो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, ती पहिल्या तासातच अर्धी संपली. हायवे सोडून आत वळलो तसं दोन्ही बाजूंचं रान उघडंबोडकं होत गेलं. बाबा खिडकीतून बघत गप्प होते. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला.

"इथे वर्षाला पाऊस किती?"

"एस्कलांटेला साधारण दहा इंच."

"अडीचशे मिलिमीटर!" ते मागे वळून आईला म्हणाले. "आपल्या घाटघरला आषाढात एका दिवसात पडतो कधी कधी."

इथे थोडं सांगायला हवं. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आणि त्यातली मधली वर्षं भंडारदऱ्याला. त्यामुळे धबधब्यांकडे बघायची त्यांची नजर जरा खात्याचीच आहे. त्यांच्या मते धबधबे दोन प्रकारचे. एक पावसाचे, म्हणजे जूनमध्ये सुरू आणि दिवाळीपर्यंत बंद. दुसरे वॉल्व्हचे. भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल हा दुसऱ्या जातीचा : धरणातून पाणी सोडलं की छत्रीसारखा पसरतो, लोक फोटो काढतात, आवर्तन संपलं की खडक कोरडा. "मग तुझा हा बारमाही धबधबा कुठल्या जातीचा?" ते म्हणाले. "वर धरण आहे का?"

धरण नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी जीपीएसकडे बघितलं.

ब्राइसला दुपारी पोचलो. ब्राइसवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी थोडक्यात आवरते. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही काठावरची अर्ध्या मैलाची डांबरी वाट आईच्या गुडघ्यांना मानवली. खाली दरीत हजारो गुलाबी-केशरी सुळके उभे. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, दगड फोडतं, सकाळी वितळतं. आठ हजार फुटांवर वर्षातल्या निम्म्या रात्री हाच उद्योग चालतो. आईला ते पंढरपूरच्या दर्शनबारीत ताटकळलेले वारकरी वाटले. गंमत म्हणजे इथल्या पायूट आदिवासींची कथाही हेच सांगते : ही मुळात माणसंच, वाईट वागली म्हणून कोयोटी या कोल्ह्यासारख्या मायावी देवाने त्यांची शिळा केली. "आपली अहिल्या तरी निर्दोष होती," आई म्हणाली आणि बाकावर बसली.

ज्या एबेनेझर ब्राइसचं नाव या जागेला मिळालं तो इथे गुरं राखायचा. गाय हरवायला महाभयंकर जागा, असं तो म्हणायचा म्हणतात. हे ऐकून बाबा हसले. "आज गाय, उद्या वासरू. सहल गोठ्यातच आहे म्हणायची."

मुक्काम एस्कलांटे गावात. गावाचं आणि नदीचं नाव १७७६ साली या मुलखातून फिरलेल्या एका स्पॅनिश पाद्रीचं, पण त्याने ही नदी कधी पाहिलीच नाही. अमेरिकेच्या सलग मुख्य भूमीत नकाशावर सगळ्यात शेवटी आलेली मोठी नदी हीच, साल १८७२. मोटेलच्या खोलीत हीटरचा आवाज ट्रॅक्टरसारखा होता. झोप लागली तरीही.

शनिवार : काफ क्रीक

पार्किंग अगदी लहान आहे आणि नऊच्या आत भरतं, म्हणून उजाडता उजाडता निघालो. गावापासून पंधराएक मैल. पावणेआठला पोचलो तेव्हा चार-पाचच गाड्या होत्या. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, पावती गाडीच्या काचेला लावायची. पाटीजवळ वाटेची माहितीपत्रकं ठेवलेली असतात. वाटेवर आकडे घातलेले खांब आहेत आणि पत्रकात प्रत्येक आकड्याची माहिती. बाबांनी दोन घेतली, एक वाचायला आणि एक फायलीला. पुढचे पाच तास प्रत्येक खांबाशी थांबून मोठ्याने वाचन झालं. आम्ही उशिरा पोचलो त्याचं निम्मं श्रेय या पत्रकाला.

नावाचा उलगडा पत्रकातच झाला. सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांनी दूध तोडलेली वासरं या घळीत सोडली. तिन्ही बाजूंनी उभे कडे, आत बारमाही पाणी आणि गवत. तोंडाशी एक कुंपण घातलं की काम झालं.

"म्हणजे कोंडवाडा," आई म्हणाली.

पहिला अर्धा मैल छान गेला. ओढा उजव्या हाताला, झाडीत लपलेला, नुसता आवाज. बुटके ओक, जुनिपर आणि जमिनीलगत फड्या निवडुंग. आईला परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. फड्या आपल्याकडे मुळात अमेरिकेतूनच आला, हे निखिलने सांगितल्यावर ती जरा नाराज झाली.

मग वाळू सुरू झाली.

वाट सपाट आहे हे खोटं नाही. पण ती बारीक, लालसर, पिठासारख्या वाळूतून जाते, आणि वाळूतला सपाट रस्ता सह्याद्रीतल्या चढापेक्षा जास्त दमवतो. पाऊल टाकलं की चार बोटं आत आणि चार बोटं मागे. पोटऱ्या भरून येतात. कड्यांची सावली असते तोवर ठीक. दहानंतर ती सरकते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जिथे वाचलं तिथे मला 'सोपा' हाच शब्द सापडला होता. साठीपुढच्या माणसांना घेऊन जाणार असाल तर सहा मैल हे आठ समजा, आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. काठी असेल तर घ्याच. आईकडे होती, म्हणून ती आमच्यात सगळ्यात पुढे होती.

मैलभर आत गेल्यावर समोरच्या कड्यात उंचावर एक दगडी कोठार दिसतं. फ्रीमाँट लोकांचं, हजारेक वर्षांपूर्वीचं. मका साठवायला. तिथे ते चढत कसे असतील यावर बाबा आणि निखिलची बरीच चर्चा झाली. आणखी पुढे, त्याच बाजूच्या एका गुळगुळीत भिंतीवर तीन माणसं रंगवलेली आहेत. गेरूसारखा लाल रंग, रुंद खांदे, खाली निमुळतं अंग, तिघंही खांद्याला खांदा लावून. दुर्बिणीतून नीट दिसली. "वारलीच की!" आई म्हणाली. वारली चित्रात कमरेशी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून असतात, इथे एकच. पण तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हे तिघं मात्र नाचत नव्हते. घळीच्या तोंडाकडे बघत उभे होते.

त्यानंतर बीव्हरचा, म्हणजे ओढ्यात बांध घालणाऱ्या उंदराच्या जातीच्या प्राण्याचा, बांध लागला. काटक्या, चिखल, गवत; मागे चांगलं डबकं तुंबलेलं आणि त्यात ट्राउट मासे सावलीसारखे स्थिर. इथे आमच्या गटातला एकमेव तज्ज्ञ खाली उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पाच मिनिटं पाहणी केली.

"सांडवा डाव्या अंगाला काढलाय. बरोबर काढलाय. गळती आहे थोडी, पण मातीच्या बांधाला एवढी चालते." मग जरा थांबून, "आणि टेंडर न काढता."

परत वर येताना डाव्या बुटाचा तळ सुटला.

सुटला म्हणजे टाचेपासून पुढच्या बोटांपर्यंत, मगरीने तोंड उघडावं तसा. बाबांनी पाऊल उचललं की तळ खाली लोंबायचा आणि ठेवलं की तोंड भरून वाळू घ्यायचा. बूट वरून नवे कोरे दिसत होते. चामड्याला तर निघायच्या आदल्या दिवशी पॉलिश झालं होतं. पण आतला फोमचा थर वर्षानुवर्षं नुसता माळ्यावर राहून भुसा झाला होता. बोट लावलं तर खारी बिस्किटासारखा पडत होता. वापरले असते तर टिकले असते, जपले म्हणून गेले.

"हे बूट शेवटचे कधी घातले होते, बाबा?"

"सांदणला. तू बारावीला होतीस."

मी आता चाळिशीला आले आहे.

निखिलकडे चिकटपट्टी नव्हती. माझ्याकडे केसांचे रबर होते, ते दहा पावलांत तुटले. आईने शांतपणे पाठीवरची पिशवी उतरवली, आतून दुसरी पिशवी काढली, तिच्या आतून पांढरी नाडी काढली. परकराची, नवी, गुंडाळी केलेली. अमेरिकेत घळीच्या मधोमध ही नाडी का जवळ बाळगली होती हे कोणी विचारलं नाही. तिने वाळूत बसून बाबांचं पाऊल मांडीवर घेतलं, तळाखालून दोन वेढे, घोट्याभोवती एक, आणि वर निरगाठ. "फुली घालून बांध," बाबांनी सूचना केली. "गप बसा," ती म्हणाली.

उरलेला मैलभर ते तसे चालले. परत फिरायचं का, असं मी एकदा विचारून बघितलं. उत्तर आलं नाही.

शेवटच्या अर्ध्या मैलात घळ अरुंद होते आणि सगळं पालटतं. झाडी दाट, वाट ओलसर, वाळू दबलेली. आधी गार हवा येते, आवाज नंतर. वळण घेतलं आणि समोर तो होता.

कड्याच्या माथ्यावरच्या खाचेतून पाणी पडतं, अर्ध्यावर भिंतीला अंग घासत खाली येतं आणि हिरवट डोहात उतरतं. धार फार मोठी नाही. लिंगमळ्याचा धबधबा श्रावणात पाहिलेल्याला ती किरकोळच वाटेल. बघण्यासारखी आहे ती भिंत. गुलाबी, पिवळी, तांबूस. जिथे पाणी लागतं तिथे शेवाळाने गर्द हिरवी आणि बाजूला काळ्या ओघळांचे पट्टे, कुणी वरून डांबर ओतल्यासारखे. डोहाच्या काठाला चक्क पुळण. चारपाच कॉलेजची मुलं पाण्यात होती आणि थंडीने किंचाळत होती. निखिल गुडघ्यापर्यंत गेला आणि तेवढ्याच वेगाने परत आला.

दशम्या निघाल्या. थर्मासमधला चहा निघाला. बाबा मात्र बसले नाहीत. नाडीचा बूट सांभाळत ते बाजूच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात टेकून उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "हात लाव."

भिंत ओली होती. धबधब्यापासून चांगली लांब, तुषार पोचणार नाहीत अशा ठिकाणी. एका आडव्या रेषेवर पाणी पाझरत होतं आणि त्या रेषेवर नाजूक, काळ्या देठाचे नेचे लोंबत होते. आईने लगेच ओळखलं, "हंसराज." भंडारदऱ्याच्या सरकारी क्वार्टरमागच्या ओल्या दरडीवर असाच असायचा.

मग बाबांनी मला ते सांगितलं जे मला शुक्रवारी गाडीत सांगता आलं नव्हतं. हा सगळा डोंगर वाळूचा. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंटातल्या टेकड्या होत्या, त्याच दबून दगड झाल्या. कड्यावर ज्या तिरप्या रेघा दिसतात ते त्या टेकड्यांचे उतार. (इथवर पत्रकातलं होतं. पुढचं त्यांचं.) वाळूच्या कणांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे वर पडलेला दहा इंच पाऊस आणि बर्फ वाहून जात नाही, आत मुरतो. स्पंजासारखा डोंगर हळूहळू पाणी पितो. खाली पाणी न झिरपू देणारा थर लागला की ते आडवं सरकतं आणि जिथे घळीने डोंगर कापलाय तिथे बाहेर येतं. झरे होतात, झऱ्यांचा ओढा होतो.

"आपला बेसाल्ट सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्हाचा. टणक. भेगा सोडल्या तर आत जागाच नाही. म्हणून घाटघरला पाच हजार मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात बायका हंड्याने पाणी वाहतात. सगळं वाहून जातं. आम्ही आयुष्यभर ते अडवत बसलो." त्यांनी हात काढला, पँटला पुसला. "हे आत्ता येतंय ते पाणी कधीचं असेल कुणास ठाऊक. तू जन्मायच्या आधीचंसुद्धा असेल."

"तिसरी जात निघाली म्हणजे," मी म्हटलं.

"चहा आहे का शिल्लक?" ते म्हणाले.

परतीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तीन मैल, तीच वाळू, आणि डोक्यावर ऊन. एकच सांगते. समोरून येणारे घामाघूम लोक विचारत होते, अजून किती लांब? सह्याद्रीत कुठल्याही मामांना हा प्रश्न विचारला की "हे काय, टेकाडामागंच" असं उत्तर येतं आणि पुढे दोन तास टेकाड येत नाही. बाबांनी आयुष्यभर ते उत्तर ऐकलं होतं. आता नाडी बांधलेल्या बुटाने लंगडत ते प्रत्येकाला तोंडभर हसून सांगत होते, "ऑलमोस्ट देअर!" एका बाईला तर पहिल्या अर्ध्या मैलातच सांगितलं.

गाडीपाशी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. संध्याकाळी मोटेलच्या टबमध्ये चार जणांच्या मोज्यांतून निघालेल्या वाळूचा छोटा डोंगर झाला. बूट तिथल्याच कचरापेटीत गेले. नाडी आईने धुऊन वाळत घातली.

रविवार : बोल्डर – फ्रूटा – घर

सकाळी पुन्हा त्याच रस्त्याने, काफ क्रीकवरून पुढे. रस्ता चढून एका अरुंद धारेवर येतो, हॉगबॅक म्हणतात तिला. दोन्ही बाजूंना दरी, कठडा नाही. आईने डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं. बाबांनी आदल्या रात्री मोटेलमधलं पुस्तक वाचून ठेवलं होतं : पलीकडच्या बोल्डर गावाला १९३०च्या दशकातही टपाल खेचरांवरून यायचं, हे रस्ते मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून काढले. "म्हणजे रोजगार हमी," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे तेच केलं. फक्त आपली निम्मी खडी तशीच पडून राहिली."

बोल्डरच्या पुढे रस्ता साडेनऊ हजार फुटांवर जातो. तिथे अॅस्पेनची झाडं पिवळीजर्द झाली होती, पानांची नुसती थरथर. आईने खाली पडलेली चार पानं उचलून आम्हाला दिली. "सोनं घ्या." आपट्याचं नाही, दसराही दोन दिवस मागे-पुढे, पण वाकून नमस्कार झाले.

फ्रूटा हे कॅपिटल रीफच्या पोटातलं, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं जुनं गाव. कधी दहाएक कुटुंबांच्या वर वस्ती गेली नाही. आता माणसं नाहीत, फळबागा आहेत. उद्यानवाले त्या जोपासतात. सफरचंदाचा मोसम होता. बागेत बसून हवी तेवढी खा, न्यायची असतील तर काट्यावर तोला आणि पैसे पेटीत टाका. आम्ही झाडाखाली बसलो. बाबा माझ्या जुन्या चपला घालून बांधाबांधाने हिंडत होते, कारण फ्रीमाँट नदीचं पाणी इथे अजून चाऱ्यांनी येतं. एका दारापाशी कामगार फावड्याने पाणी वळवत होता. बाबांचं इंग्रजी आणि त्याचं स्पॅनिश यात दहा मिनिटं काय बोलणं झालं माहीत नाही, पण शेवटी फावडं बाबांच्या हातात होतं आणि तो सिगारेट ओढत उभा होता.

पाच वाजता निघालो. पावणेआठला, म्हणजे नाशिकला सोमवारची सकाळ झाल्यावर, बाबांनी त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींना व्हिडिओ कॉल लावला. कट्ट्यावर पाच टोप्या एका फोनमध्ये घुसल्या.

"अरे, काही नाही रे," बाबा सांगत होते. "सोपा आहे. सपाट वाट, ओढ्याच्या काठाने. तूही करशील."

मागच्या सीटवर आई पोटऱ्यांना मलम चोळत होती. गाडीभर वास सुटला होता.

"बूट कुठले नेले होतेस?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"हॅलो? हॅलो? रेंज गेली," बाबा म्हणाले आणि फोन खिशात टाकला. आम्ही तेव्हा प्रोव्हो शहराच्या ऐन मध्यावर होतो.